लस विहारात मिळाली पाहिजे

पाऊस लागला की वस्तीत घरोघरी सर्दी-ताप. तरुण माणूस चार दिवसांत उठतो. लकवा झालेल्या म्हाताऱ्या माणसाचे तसे नसते. त्याला जोराने खोकता येत नाही, कफ छातीत साठतो आणि फ्लूचा न्यूमोनिया होतो. म्हणून फ्लूची लस त्याला सगळ्यांच्या आधी हवी. होते मात्र उलटेच.

विषाणू रूप बदलतो, त्यामुळे ही लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि खाजगी दवाखान्यात ती विकतच मिळते. त्यात अरुंद गल्ली, लोखंडी शिडी, रिक्षाचे भाडे, उचलायला दोन माणसे. ताप नसलेल्या सासऱ्यासाठी सुनेने कामाचा खाडा कसा करायचा? तिला दोष देण्यात अर्थ नाही.

२०२१ मध्ये अंथरुणाला खिळलेल्यांना कोरोनाची लस घरी जाऊन दिली गेली. म्हणजे जमते! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दवाखान्यात विनाअडथळा प्रवेश आणि उपचारात प्राधान्य लिहिलेलेच आहे. मग पावसाआधी, मे महिन्यात, ही लस विहारात का देऊ नये?

आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली, ही कथा आपण वर्षावासात ऐकतो. विहार समितीने आशाताईंना सोबत घेऊन अशा ज्येष्ठांची यादी करावी, शेजारी सांभाळणाऱ्याचेही नाव लिहावे. लस त्यालाही हवी. यादीसह आरोग्य केंद्रात लेखी अर्ज द्यावा. पोच घ्यायला विसरू नये.