निभावले म्हणजे निर्धोक?

दुसऱ्याने केलेली फसवणूक आज ना उद्या उघडकीस येते. स्वतःच स्वतःची केलेली फसवणूक मात्र अनुभव, आत्मविश्वास, व्यवहारज्ञान अशी प्रतिष्ठित नावे धारण करून कार्यालयात वावरत असते. म्हणूनच ती ओळखणे कठीण.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अग्निबाणाच्या जोडातील रबरी कडे थंडीने ताठरले, हे त्याचे तांत्रिक कारण. परंतु अशी कडी पूर्वीच्या उड्डाणांतही झिजलेली आढळली होती. यान दरवेळी सुखरूप परतले आणि धोक्याची खूणच सुरक्षिततेचा पुरावा ठरली! आदल्या रात्री अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी सुमारे १२ अंश सेल्सियसपेक्षा कमी तापमानात उड्डाण नको, असे बजावले होते. तेव्हा धोका सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच टाकण्यात आला. वस्तुतः सिद्ध व्हायला हवी होती ती सुरक्षितता. चौकशी आयोगाचे सदस्य, नोबेल विजेते रिचर्ड फाइनमन यांना आढळले की, दुर्घटनेची शक्यता व्यवस्थापन लाखात एक मानत होते, तर अभियंते शंभरात एक!

अपघात कोणालाच नको होता. तरीही तो घडला. आणि धडा गिरवला गेला नाही म्हणून पुन्हा घडला. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ यानासह कर्नालची कन्या कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी आपण गमावले. इंधनटाकीवरील फेसाचा तुकडा यानाच्या पंखावर आदळला होता. फेस निखळणे नित्याचे झाले होते. त्यामुळे पंखाची छायाचित्रे मिळविण्याची अभियंत्यांची विनंतीही मागे पडली.

अशी ‘कडी’ प्रत्येक कार्यालयात असतात. न जुळणारा हिशेब, टाळलेली तपासणी, ‘आजवर काही झाले नाही’ हे समाधान. यावर उपाय आहे. कोणती खूण दिसताच काम थांबवायचे, हे आधीच लिहून ठेवावे. मोहाच्या क्षणी ती मर्यादा सरकवू नये. हाताने काम करणाऱ्याचे मत वरिष्ठांच्या आधी ऐकावे. आणि शंका घेणाऱ्याला विघ्नसंतोषी न ठरवता संस्थेचा हितचिंतक मानावे.

निभावून जाणे ही दैवाची कृपा असू शकते. तिला कर्तृत्व समजणे हीच आत्मवंचना होय.