स्वभावाला नावे ठेवण्याआधी

"डॉक्टर, हिला आजार-बिजार काही नाही. अंगच चोरते ती." दवाखान्यात खुर्चीवर टेकता टेकता सासूबाईंनी निदान सांगून टाकले. सूनबाई खाली मान घालून बसली होती. वय तिशीच्या आसपास, धाकटे मूल आठ महिन्यांचे. दिवस एप्रिलचे, बाहेर रणरणते ऊन आणि हिच्या अंगावर शाल! सकाळी उठवत नाही, दूध गॅसवर ठेवले की उतू जाईपर्यंत लक्षात राहत नाही, चार शब्द बोलले की डोळ्यांना धार लागते, अशी तक्रारींची यादी सासूबाईंनी वाचली. नवऱ्याने "बाहेरचं काही असेल" म्हणून तिला एका देवऋषीकडेही नेऊन आणले होते.

खरे सांगायचे तर दोष त्यांचा एकट्यांचा नव्हता. त्याआधी दोन वेळा ती माझ्याकडे आली होती आणि मीही "बाळंतपणाचा अशक्तपणा आहे" असे म्हणून टॉनिक लिहून दिले होते. तिसऱ्या खेपेला तिचा घोगरा झालेला आवाज आणि सुजलेल्या पापण्या माझ्या नजरेत भरल्या. रक्त तपासले. टी.एस.एच. हा आकडा निरोगी माणसात साधारण अर्धा ते साडेचारच्या दरम्यान असतो. तिचा साठच्या वर होता. तिची थायरॉइड ग्रंथी जवळजवळ संपावर गेली होती.

वाचकहो, आपण माणसाचा स्वभाव आणि माणसाचे शरीर या दोन वेगळ्या गोष्टी मानतो. ताप, खोकला, हाड मोडणे हे शरीराचे. आळस, चिडचिड, रडणे, विसराळूपणा हे स्वभावाचे. शरीर मात्र अशी वाटणी मानत नाही.

आपल्या देहाचा कारभार दोन खाती मिळून पाहतात. एक मज्जासंस्था. तिचे काम टेलिफोनसारखे. तव्याला बोट लागले की क्षणात हात मागे येतो. दुसरे खाते अंतःस्रावी ग्रंथींचे. त्या आपले रस थेट रक्तात सोडतात. या रसांनाच हार्मोन किंवा संप्रेरक म्हणतात. हे काम टपालासारखे. निरोप सावकाश पोचतो, पण घरोघर पोचतो आणि परिणाम दीर्घकाळ टिकतो. ही दोन्ही खाती एकत्र येतात ती मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या छोट्याशा भागात. तेथून आदेश निघतो तो खालीच लोंबणाऱ्या, वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीकडे. पिट्युटरी टी.एस.एच. नावाचे फर्मान सोडते आणि गळ्यातील फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी थायरॉक्सिन तयार करते. रक्तात थायरॉक्सिन पुरेसे झाले की वरून येणारे फर्मान कमी होते. ग्रंथी काम करीनाशी झाली की वरिष्ठ कचेरी स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे धाडते. म्हणूनच ग्रंथी थकली की टी.एस.एच.चा आकडा बहुधा चढलेला दिसतो.

हे थायरॉक्सिन करते काय? शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीची शेगडी किती मोठी ठेवायची ते ठरवते. शेगडी मंदावली की थंडी वाजते, वजन वाढते, बद्धकोष्ठ होते, केस गळतात, पाळीत अंगावरून जास्त जाते. आणि मेंदूही पेशींचाच बनलेला असल्याने विचार संथ होतात, उत्साह आटतो, मन उदास होते. उलट शेगडी भडकली की छातीत धडधड, हाताला कंप, घाम, खाऊनही उतरणारे वजन आणि जोडीला संताप व निद्रानाश. घरचे म्हणतात, "हल्ली फार तापट झालाय." तापट स्वभाव नव्हे, ग्रंथी झालेली असते.

ही काही नवी विद्या नव्हे. इंग्लंडमध्ये १८९१ साली डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका मंदावलेल्या बाईला टोचला. ती सुधारली आणि पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. १९४९ साली लंडनच्या डॉ. रिचर्ड ॲशर यांनी अशा चौदा रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली, ज्यांचे वेड थायरॉइडच्या कमतरतेतून आले होते. ग्रंथीचे औषध मिळताच त्यांतील बहुतेक सुधारले. वेडे ठरलेली माणसे शहाणी झाली, हे केवढे मोठे प्रकरण!

आपल्याकडेही याचा धडा मिळालेला आहे. थायरॉक्सिन बनवायला आयोडीन लागते. हिमालयाच्या पायथ्याच्या जमिनीत ते कमी, म्हणून तेथे गलगंड घरोघरी. आणि त्याच गावांत मतिमंद, मुकी-बहिरी मुलेही जन्मत. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांग्रा खोऱ्यात मिठातून आयोडीन देऊन गलगंड हटतो हे सिद्ध केले आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ वापरा आणि ते झाकणाच्या बरणीत ठेवा. खडेमीठ स्वस्त पडते म्हणून घेणाऱ्यांनी त्यात आयोडीन आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

सर्वांत कळीचा मुद्दा तान्ह्या बाळांचा. आपल्या देशात साधारण हजार-दीड हजार जन्मांमागे एक मूल थायरॉइडची कमतरता घेऊन येते. असे मूल पुष्कळ झोपते, फारसे रडत नाही. बघायला येणाऱ्या बायका म्हणतात, "किती गुणी बाळ आहे हो!" म्हणजे स्वभावाचे लेबल पाळण्यातच चिकटते, फक्त येथे ते कौतुकाचे असते. जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बहुतेक मुले इतरांसारखी वाढतात, शाळेत जातात. काही महिने हातचे गेले तर बुद्धीची झालेली हानी बहुधा भरून येत नाही. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर हे कळते. गोव्याने २००८ साली नवजात बालकांची अशी तपासणी राज्यात सुरू केली होती. माझे स्पष्ट मत असे की, प्रत्येक जिल्ह्यात, जेथे जेथे प्रसूती होते तेथे ही तपासणी लसीकरणाइतकीच अनिवार्य व्हावी. तोवर आईबापांनीच डॉक्टरांकडे ती मागून घ्यावी. बारशाच्या खर्चापुढे तिचा खर्च काहीच नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक थकवा थायरॉइडचा नसतो. रक्तक्षय, मधुमेह, नैराश्य, कर्जाची काळजी, घरातील जाच, कशानेही माणूस मलूल होतो. अहवाल चांगला आला म्हणजे "बघा, नाटकच होतं" असा निकाल देऊ नये. मग दुसरे कारण शोधावे. वजन उतरवण्यासाठी कुणाच्या सांगण्यावरून थायरॉइडच्या गोळ्या घेणे तर धोक्याचे; हृदयाची लय बिघडते, हाडे ठिसूळ होतात. ज्यांना गोळी लागते त्यांनी ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा किमान अर्ध्या तासाने. लोह वा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने. बरे वाटले म्हणून औषध मनाने सोडू नये. गरोदरपणी तर मुळीच नाही, कारण पहिले काही महिने पोटातल्या बाळाच्या मेंदूला आईचेच थायरॉक्सिन पुरते. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे. बहुतेकींची मात्रा वाढवावी लागते.

ती सूनबाई तीन महिन्यांनी पुन्हा आली. शाल नव्हती. मूल कडेवर घेऊन ती बाहेरच्या बायकांशी हसत बोलत होती. सासूबाई मात्र आत येऊन गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, औषधानं ती बरी झाली. पण वर्षभर मी तिला जे बोलले, त्याला काय औषध?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. टॉनिकच्या त्या दोन चिठ्ठ्या मलाही आठवत होत्या. म्हणून सांगतो, घरातले माणूस अचानक आळशी, चिडके, रडवे किंवा विसराळू झाले, तर त्याच्या स्वभावाला नाव ठेवण्याआधी त्याला दवाखान्यात आणा. तपासणीसाठी थोडे रक्त काढल्याने कुणाचे बिघडत नाही. तोंडातून गेलेला शब्द मात्र परत येत नाही.