तिकीट गरिबाचे, बाग कोणाची?

सप्टेंबर 2025 मध्ये लॉटरीवर 40 टक्के जीएसटी लागू झाला. कॅसिनो, घोड्यांच्या शर्यती आणि सरकारी लॉटरी आता एकाच पंगतीत. केरळने गळा काढलाच. लॉटरी बुडाली तर विकासकामांना पैसा कोठून आणायचा, हा त्यामागचा सवाल. तो विचारणाऱ्यांना लाज वाटायला हवी.

या वादात अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याचा दाखला हमखास येतो. तिथल्या मतदारांनी 1992 साली कौल देऊन लॉटरीचा नफा उद्याने आणि मोकळ्या जागांसाठी राखून ठेवला. आपल्याकडे 1998 च्या लॉटरी कायद्याने तिकीटविक्रीचा पैसा राज्याच्या लोकलेख्यात जातो. महाराष्ट्राची लॉटरी 12 एप्रिल 1969 पासून सुरू आहे. तिच्या पैशातून कोणती बाग फुलली, ते अर्थखात्याने एकदा सांगावेच. केरळच्या ‘कारुण्य’ लॉटरीतून रुग्णांना मदत मिळाली, हे खरे. पण एका गरिबाच्या औषधाचे बिल दुसऱ्या गरिबाने तिकीट काढून का भरायचे?

कारण तिकीट काढतो तो गरीबच. एसटी स्टँडबाहेरच्या टपरीवर जरा उभे राहा. दिवसाचा रोज खिशात पडलेला हमाल निकालाच्या बारीक आकड्यांवरून बोट फिरवत असतो. सकाळी बागेत चालायला येणारे या टपरीकडे फिरकतही नाहीत. बाग त्यांची, वर्गणी हमालाची!

कर्नाटकाने 2007 मध्ये लॉटरीला कुलूप लावले. म्हणून बंगळुरूचे काही अडले नाही. सर्जापूर रोडवरचा कैकोंड्रहळ्ळीचा तलाव सांडपाण्याने आणि कचऱ्याने मरणपंथाला लागला होता. त्यानंतरच्या काही वर्षांत तो पुन्हा जिवंत झाला, तो महापालिकेच्या पैशातून आणि रहिवाशांच्या रेट्यामुळे. आज काठावर पायवाट आहे, पाण्यावर पक्षी आहेत, शेजारी सरकारी शाळेतली मुले आहेत. हे सारे लॉटरीच्या एकाही तिकिटाविना.

अर्थात त्याच रस्त्यावर सरकारची अब्रूही गेली आहे. बाह्यवळण रस्त्यावरची कोंडी फुटेना, म्हणून मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी अझीम प्रेमजींना पत्र लिहून विप्रोच्या सर्जापूर रोडवरच्या आवारातून वाट मागितली. प्रेमजींनी नम्रपणे नकार दिला. टॉवरमागून टॉवरला परवानगी द्यायची, जमिनीचे भाव गगनाला भिडू द्यायचे आणि रस्त्यासाठी खासगी कंपनीच्या फाटकावर हात पसरायचा. वाढलेल्या भावातला वाटा बिल्डरकडून वेळीच आणि चोख वसूल केला असता, तर ही वेळ आली नसती. पुण्यात हिंजवडीच्या आयटी पार्कचे तरी वेगळे काय झाले?

श्रीमंताकडून कर वसूल करायला धाडस लागते, गरिबाला तिकीट विकायला लागत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मोबाइलवरचे पैशांचे खेळ बंद केले. घरे उद्ध्वस्त होतात, असे कारण दिले. मग राजमुद्रा उमटली की तोच जुगार पुण्यकर्म कसा ठरतो?

उद्यान, तलाव, रस्ता हा नागरिकाचा हक्क आहे आणि त्याचा खर्च करातूनच भागला पाहिजे. महाराष्ट्राने लॉटरी बंद करावी, विक्रेत्यांना दुसरा रोजगार द्यावा आणि बिल्डरांची थकबाकी वसूल करावी. हे जमत नसेल, तर विकासाच्या गप्पा तरी बंद कराव्यात.