छापू नकोस

दर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून माझ्या घरी पाकिटं यायला लागतात. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून १९७२ साली स्थापत्य शाखेची पदवी घेऊन आम्ही ४८ जण बाहेर पडलो. त्यांतले आज ३१ हयात आहेत, सगळे पंचाहत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. बहुतेक जण निवृत्त झाल्यावर, २००९च्या जानेवारीत, आम्ही एक वार्षिक पत्रक सुरू केलं. प्रत्येकानं वर्षभराची हकीकत अर्ध्या पानात लिहून पाठवायची, मी ती एकत्र करायची, कोपऱ्यावरच्या दुकानात टाइप करून घ्यायची, झेरॉक्स काढायच्या आणि संक्रांतीच्या आत सगळ्यांना टपालानं पाठवायच्या. हे काम माझ्याकडे का आलं, तर माझं अक्षर बरं होतं आणि मला ‘नाही’ म्हणायला वेळेवर सुचलं नाही.

सदरं तीन. प्रवास, कुटुंब आणि छंद. पहिल्या वर्षी सहज ठरली आणि तीच चालू राहिली.

हे पत्रक वाचायला मजा येते, हे आधी सांगितलं पाहिजे. मुलाकडे अमेरिकेला गेलेला आमचा एक मित्र लास वेगासला गेला, पण जुगार बघायला नव्हे, तिथून जवळ असलेलं हूवर धरण बघायला. अर्ध्या पानातलं पाऊण त्यानं धरणालाच दिलं. २२१ मीटर उंची, काँक्रीट थंड करण्यासाठी त्याच्या पोटात टाकलेल्या नळ्या, आपल्या कोयनेच्या १०३ मीटरशी तुलना, आणि शेवटची ओळ : ‘सूनबाईंना कंटाळा आला.’ दुसऱ्यानं नर्मदा परिक्रमा केली. परंपरेनं ती पायी, तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवसांची. यानं बसनं वीस दिवसांत उरकली आणि तसं प्रामाणिकपणे लिहिलं. एकानं त्रेसष्टाव्या वर्षी पेटी शिकायला घेतली. एक गच्चीवर देशी घेवडे लावतो. एका वर्षी प्रत्येक पत्रकासोबत त्यानं बियांची पुडी घालायला लावली आणि माझं टपालाचं गणित कोलमडलं. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या एकानं निवृत्तीनंतर स्वतःच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. तो रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतो, ऊन असलं तरी जाऊन बघतो आणि शून्य लिहून येतो. नातवंडांबद्दल मात्र मी फार सांगत नाही. सगळीच हुशार आहेत.

तर अशी सगळी पत्रं. पण त्यांतल्या काहींच्या तळाशी, कधी समासात, कधी वेगळ्या चिठोऱ्यावर, दोन-चार ओळी असतात आणि त्यांच्यापुढे कंसात लिहिलेलं असतं, ‘हे छापू नकोस.’

ही चिठोरी मी फेकली नाहीत. सुरुवातीला एका पाकिटात ठेवत होतो, आता त्यांची फाइल झाली आहे. पत्रक साधारण बारा-चौदा पानांचं होतं. फाइल त्याहून जाड आहे. ‘मुलाची नोकरी गेली, सध्या आम्हीच हप्ते भरतो.’ ‘डोळ्यांमुळे वाचन बंद. पुस्तकं वाचल्याचं लिहिलं आहे ते जुनं आहे.’ ‘मेलबर्नला तीन महिने राहिलो असं छाप. खरं तर पाच आठवड्यांत परत आलो.’ एकानं नुसतंच लिहिलं होतं, ‘गड्या, करमत नाही. छापू नकोस.’

मी एकही ओळ छापली नाही. दिलेला शब्द पाळला, याचं काही वर्षं मला समाधानही होतं. ते आता तितकंसं उरलेलं नाही, आणि ते का, हेच सांगायला आज बसलो आहे.

आमच्या पिढीचं पत्र लिहिण्याचं शिक्षण पोस्टकार्डावर झालं. ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे’ हे वाक्य लिहिल्याशिवाय हात पुढे चालत नसे. याला आपण रीत म्हणतो, पण तिच्यामागे साधं व्यवहारज्ञान होतं. कार्ड उघडं. ते पोस्टमन वाचायचा, शेजारी वाचायचे, वाड्यातली मुलं मोठ्यांदा वाचून दाखवायची. त्यावर घरातलं दुखणंखुपणं कोण लिहिणार? म्हणून शेवटी यायचं, ‘बाकी समक्ष भेटीत.’ खरी हकीकत त्या ‘बाकी’त असायची. दिवाळीला, लग्नकार्याला माणसं भेटायची, माजघरात नाहीतर ओट्यावर बसायची आणि ती बाकी चुकती व्हायची.

कार्ड कधीच मागं पडलं, पण आमचा हात अजून कार्डावरचाच आहे. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी आमच्या सांगलीतल्या एका मित्रानं पत्रकासाठी लिहिलं, ‘घरात पाणी आलं होतं. आता ठीक.’ संपलं. पहिल्या मजल्यावरून नवरा-बायकोला नावेत उतरवलं होतं, पन्नास वर्षांचे फोटो आणि वह्या गेल्या होत्या, हे मला पुढे दुसऱ्याकडून कळलं. पाऊस मोजणाऱ्या मित्रानं मात्र त्याच अंकात पुराला अख्खं अर्धं पान दिलं होतं. त्याच्या घरात पाणी शिरलं नव्हतं.

आम्ही पहिल्यापासून असे होतो असंही नाही. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आम्ही पहिल्या वर्षाला होतो. कॉट हलली, खिडक्यांची तावदानं वाजली आणि सगळं हॉस्टेल पांघरुणं गुंडाळून अंधारात मैदानात आलं. घाबरल्याचं कुणी लपवलं नाही. एक जण आईला हाका मारत रडला, आणि पुढच्या पाच वर्षांत त्यावरून त्याची कुणी थट्टा केली नाही. १९७२ला पदवी मिळाली आणि लगेच दुष्काळ. आमच्यातले कित्येक जण बाविसाव्या वर्षी पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर गेले. समोर हजारो माणसं खडी फोडताहेत, दुपारी सुकडी वाटली जाते आहे, घरोघर परदेशी मिलोच्या भाकऱ्या, आणि हजेरीपटावर सही करायला आमच्यासारखी पोरं. तेव्हा आम्ही एकमेकांना कंदिलाच्या उजेडात सात-सात, आठ-आठ पानी पत्रं लिहीत होतो. त्यांत सगळं असायचं. कामावर बाई बाळंत झाली आणि मला काय करावं कळेना, हे होतं. वरिष्ठांनी खोटी मापं लिहायला सांगितली आणि मी लिहिली, हेही होतं. बाविसाव्या वर्षी जे मित्राला सांगता येत होतं, ते बासष्टाव्या वर्षी का सांगता येईना? मधल्या चाळीस वर्षांत आम्ही साहेब झालो, हे एक कारण असावं. साहेबाला अडचण नसते.

आता मूळ गोष्ट. आमच्यातला एक जण, कुठला ते सांगत नाही, २०१८पासून मेळाव्याला यायचा बंद झाला. पत्रकासाठी मजकूर यायचा तोही दोन ओळींचा. लोक म्हणाले, ‘मुलगा मोठ्या हुद्द्यावर गेला, आता हा आपल्यात कशाला येतोय?’ मला खरं कारण ठाऊक होतं. त्याचं चिठोरं फाइलमध्ये होतं. वहिनींना स्मृतिभ्रंश झाला होता आणि तो त्यांना सोडून एक तासही बाहेर पडू शकत नव्हता. मेळाव्यात त्याच्यावर टीका चालली होती तेव्हा मी समोरच बसलो होतो, आणि भजी खात होतो.

२०२१मध्ये दुसऱ्या एका गावाहून दुसऱ्या मित्राचं चिठोरं आलं. त्याच्याही घरी तेच. सुरुवात होती, तो गांगरून गेला होता. ‘संध्याकाळ झाली की ही “घरी जायचंय” म्हणून पिशवी भरते. मी सांगतो, हेच घर आहे, तर चिडते. आपल्यात कुणाला याचा अनुभव आहे का? पण नाव छापू नकोस, आणि तसा नाव न घालताही छापू नकोस, सगळे ओळखतील.’

अनुभव होता. तीन वर्षांचा होता. पहिल्या मित्रानं एव्हाना बरंच काही शिकून घेतलं होतं आणि मला ते तुकड्यातुकड्यानं कळवलं होतं. दिवस मावळताना हा त्रास वाढतो, म्हणून दिवे लवकर लावायचे. ‘हेच घर’ म्हणून वाद घालायचा नाही. ‘हो, निघू या, आधी चहा घेऊ’ म्हणायचं. रेग्युलेटर रात्री काढून ठेवायचा. बाहेरच्या दाराची कडी खाली, पायाजवळ बसवायची, तिथं त्यांची नजर जात नाही. पदराच्या आतल्या बाजूला घरचा फोन नंबर शिवायचा. आरशात दिसणारी बाई कोण म्हणून त्या घाबरायला लागल्या, तेव्हा आरशावर पडदा लावायचा. अगदी साध्या गोष्टी आहेत, पण एकेक कळायला त्याला काही महिने लागले होते आणि एकदा वहिनी रात्री बाजारपेठेत सापडल्या होत्या.

दोघांची चिठोरी एकाच फाइलमध्ये, एकावर एक. दोघांनी पाच वर्षं एकाच खोलीत काढलेली. आणि मधे मी, शब्द पाळणारा माणूस. दुसऱ्याला मी ‘धीर धर, चांगल्या डॉक्टरांना दाखव’ असलं काहीतरी लिहिलं. पहिल्याचं गुपित ते माझं नव्हतं, एवढंच नव्हे तर त्याचंही पूर्ण नव्हतं. ते वहिनींचं होतं, आणि त्यांना विचारण्याची वेळ निघून गेली होती. हे मी स्वतःला पटवलं. पण त्यातला थोडा भाग असाही होता की तसं करणं मला सोपं होतं.

यावर वर्गमित्रांशी बोललो, नावं न घेता. एक जण म्हणाला, ‘मर्दा, वर्षातनं एकदा चार चांगल्या गोष्टी वाचायला मिळतात. त्याचंबी हॉस्पिटल करतोस काय?’ त्याचं म्हणणं चुकीचं नाही. सकाळी फिरायला गेलं की बाकावर रक्तदाब आणि गुडघ्यांशिवाय दुसरा विषय नसतो. पत्रकात तरी हूवर धरण असावं. शिवाय सगळ्यांनीच सगळं सांगावं असं माझंही मत नाही. काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या. पण ‘बाकी समक्ष भेटीत’ म्हणायचं तर भेट व्हायला हवी ना? २००९च्या मेळाव्याला आम्ही ३४ जण होतो, या वर्षीच्या जानेवारीत ११. ज्यांच्याजवळ सांगण्यासारखं सर्वांत जास्त असतं तेच येऊ शकत नाहीत. आणि ज्यांना वाटतं की आपल्याकडे प्रवास नाही, परदेशातला मुलगा नाही, छंद नाही, ते कोरं पाकीटसुद्धा पाठवत नाहीत. आमच्या एका मित्राचा मुलगा गावात पंपदुरुस्तीचं दुकान चालवतो, उत्तम चालवतो, आईवडिलांना सांभाळतो. त्या मित्रानं नऊ वर्षांत ‘कुटुंब’ या सदरात एक ओळ लिहिलेली नाही.

लोकांना नावं ठेवण्याआधी माझंही सांगतो. माझ्या नावाखाली २०१६पासून दर वर्षी छापलेलं आहे, ‘मुलगी सध्या आमच्याकडेच असते.’ तिचा घटस्फोट झाला. ‘सध्या’ या शब्दाला आता बरीच वर्षं होऊन गेली. माझं चिठोरं मलाच पाठवायचं होतं, म्हणून ते लिहिलंच गेलं नाही. या वर्षी ते वाक्य बदलावं म्हणून मुलीला विचारलं. ती म्हणाली, ‘बाबा, तुमच्या मित्रांना ते केव्हाच कळलंय. सध्या आहे म्हणून नऊ-नऊ वर्षं कोण राहतं?’

या दिवाळीनंतर मी त्या पहिल्या मित्राला पत्र लिहिलं. आणखी एका घरी हेच चाललं आहे, नाव सांगत नाही, पण तुझं नाव त्याला सांगू का, एवढंच विचारलं. आठ दिवसांनी फोन आला. ‘सांग,’ म्हणाला, ‘आणि विचारायला इतकी वर्षं का लावलीस?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग दुसऱ्याला कळवलं. त्याच्याकडून काहीच आलं नाही. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले. मला वाटलं, बिनसलं. विश्वासानं लिहिलेलं मी बाजारात मांडलं असं त्याला वाटलं असणार.

परवा पहिल्याचा पत्रकासाठीचा मजकूर आला. या वेळी पान पूर्ण भरलेलं. वहिनींबद्दल लिहिलं आहे, दिवे, कडी, आरसा, सगळं. समासात कंस नाही. सोबत चिठोरं होतं, पण माझ्यासाठी : ‘त्याचा फोन आला होता. नेमका संध्याकाळी सातला, आमच्याकडे तीच वेळ वाईट. दुपारी दोननंतर कर म्हणून सांगितलंय. आता रोज करतो. फार बोलतो लेकाचा.’