मावश्या टिकत नाहीत, की आपण त्यांना टिकू देत नाही?

"आपल्यात वृद्धाश्रम नसतात." हे वाक्य मी लग्नाच्या जेवणावळीत ऐकले आहे, जियारतीच्या दिवशी ऐकले आहे आणि जुम्म्याच्या बयानाची क्लिप म्हणून ते मोबाईलवरही आले आहे. म्हणणारे बहुतेक पुरुष असतात. सूरह बनी इस्राईलमधली आई-वडिलांविषयीची ताकीद सांगितली की त्यांच्या दृष्टीने विषय संपतो. त्या ताकिदीबद्दल माझा वाद नाही. मला एवढेच विचारायचे आहे, की लकवा झालेल्या म्हातारीची दर दोन तासांनी कूस बदलणारे आणि रात्री तीन वाजता ओली चादर काढणारे त्या घरात कोण असते? ताकीद मुलाला आहे, राबते सून. आणि सून स्वतःच आजारी असेल, किंवा सूनच नसेल, तर?

तर मग आपली माणसेही तिथे जातात, जिथे "आपल्यात कुणी जात नाही". २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले जवळपास दहा टक्के लोक साठी ओलांडलेले होते. आज ते प्रमाण वाढलेच असणार, आणि म्हातारपण जात-धर्म विचारून येत नाही. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की डॉक्टरांचा छोटा दवाखाना डोळ्यांपुढे येतो. पण अंथरुणाला खिळलेल्या, विसरभोळ्या झालेल्या म्हाताऱ्यांना कायमचे सांभाळणारी घरे वेगळी. कोल्हापुरात सावली केअर सेंटरसारख्या संस्थेने असे काम शहराच्या ओळखीचे केले आहे. मी ज्या घराबद्दल पुढे लिहिणार आहे ते मात्र दुसरे आहे. त्याचे नाव लिहीत नाही, कारण मला एका घराशी भांडायचे नाही. असे इतरत्रही चालते, हे तिथे माणूस ठेवलेल्या कुणालाही विचारा.

माझी खाला त्या घरात आहे. वय ऐंशीच्या पुढे, डावी बाजू लुळी, कालचे आठवत नाही, लहानपणचे सगळे आठवते. मुलगा पुण्यात कंपनीत कामाला, सुनेचे हृदयाचे ऑपरेशन झालेले. शाळेला सुट्टी म्हणून दर रविवारी मी जाते. दीड वर्षात खालाजवळची मावशी सात वेळा बदलली. मावशी म्हणजे भरवणारी, आंघोळ घालणारी, कूस बदलणारी बाई. कागदावर तिला केअरटेकर म्हणतात आणि पगार मोलकरणीएवढाही धड देत नाहीत.

मावशी बदलली तर काय बिघडते, असे कुणी विचारेल. एक गोष्ट सांगते. आमच्या जुन्या बायका संडासला "बाहर जाना" म्हणतात. खाला तेच म्हणायची. पहिल्या मावशीला ते महिन्याभरात कळले होते. चौथी मावशी नवी, सरळ गावाकडची मुलगी. खालाने "बाहर जाना है" म्हटले की ती प्रेमाने सांगायची, "आजी, बाहेर लई ऊन आहे, संध्याकाळी जाऊ." मग चादर खराब व्हायची. चार दिवसांनी वहीत शेरा पडला, 'पेशंटला कळत नाही', आणि खालाला दिवसरात्र डायपर लागला. खालाला सगळे कळत होते. कपडे पाक राहत नाहीत म्हणून तिने पडल्या पडल्या इशाऱ्याने पढायची ती नमाजही सोडली. माजूर माणसाला शरियतने सवलत दिली आहे, हे मी तिला समजावले. तिने मान भिंतीकडे वळवली. त्या मुलीचा यात काहीच दोष नव्हता. आधीची मावशी कधी गेली हे तिला कुणी सांगितले नव्हते, आणि जाणारीला काय सांगून जा हे कुणी विचारले नव्हते.

मग खालाचे चालले कसे? शेजारच्या खाटेवरच्या आक्कांमुळे. आक्का कागल तालुक्यातल्या, माळकरी, वय पंच्याहत्तरीचे. खाला एकादशीला त्यांच्या वाटचे साबुदाण्याचे दोन घास खायची, आक्का ईदला शिरखुर्मा मागून घ्यायच्या. प्रत्येक नव्या मावशीला आक्काच शिकवायच्या: हिला चहा बशीतून लागतो, गोळी भाकरीच्या घासात द्यायची, डाव्या हाताला धरून उठवायचे नाही, आणि ती "बाहर" म्हणाली की भांडे आणायचे. संस्थेची वही जे ठेवत नव्हती ते आक्कांच्या डोक्यात होते.

गेल्या पावसाळ्यात व्यवस्थापकही बदलले. नव्या साहेबांनी आल्या आल्या खोल्यांची फेरमांडणी केली. चालते-फिरते एका मजल्यावर, अंथरुणावरचे दुसऱ्या मजल्यावर. कमी माणसांत काम भागावे म्हणून. कागदावर हिशेब बरोबर होता. आक्का वर गेल्या, खाला खाली राहिली. लिफ्ट फक्त स्ट्रेचरसाठी. दोन महिन्यांत खालाच्या पाठीला जखम झाली. मी विचारले तर उत्तर मिळाले, "मॅडम, मुली टिकत नाहीत हो. आम्ही तरी काय करणार?"

हे वाक्य मला मान्य नाही. मुली टिकत नाहीत, की टिकू दिल्या जात नाहीत? बारा तासांची ड्युटी. दुसरी आली नाही तर चोवीस तास. पगारातून ब्युरोचा हिस्सा आधीच कापलेला. आठवड्याची सुट्टी मागितली की खाडा. रात्री तीस म्हाताऱ्यांमागे दोन बाया. पाठदुखी झाली तर स्वतःचा खर्च. आणि काही चुकले की पहिले बोट मावशीकडे, ट्रस्टींकडे नाही. अशा ठिकाणाहून बाई दुसरीकडे हजार रुपये जास्त मिळताच गेली, तर ती बेइमान कशी? मी अनुदानित शाळेत आहे. माझी नोकरी, रजा, पगार कायद्याने बांधलेला आहे, म्हणून मी वीस वर्षे टिकले. त्यात माझा त्याग शोधू नका.

नोकर बदलायचेच, असेही कुणी म्हणते. बदलतात, खरे आहे. पण बदल कसा पेलायचा याचे उदाहरण याच महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अत्याचार झाला. त्यानंतर १८ मे २०१५ ला त्यांचे निधन होईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला होत्या. इतक्या वर्षांत किती परिचारिका निवृत्त झाल्या असतील, किती नव्या आल्या असतील! तरी सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात नोंदवले, की अरुणांच्या अंगावर अंथरुणाची एकही जखम नाही. महापालिकेने त्यांना हलवायचे मनात आणले तेव्हा परिचारिकांनीच विरोध केला. ती माया होती, यात शंका नाही. पण मायेला आधार होता. त्या महापालिकेच्या नोकरीत होत्या, शिकलेल्या होत्या, एकीची पाळी संपताना दुसरीला सगळे सांगून जायची त्यांची शिस्त होती, आणि वरिष्ठांना "नाही" म्हणायची त्यांची हिंमत होती. उद्या काढून टाकतील या भीतीत असलेली बाई कुणासाठी "नाही" म्हणेल?

आता आपल्या समाजाकडे येते, कारण हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. आपण देत नाही असे नाही. २०२० च्या रमजानमध्ये, लॉकडाऊनच्या काळात, आपल्याच जिल्ह्यातल्या इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ३६ लाख रुपये जमवले आणि तिथल्या आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याचे ऑनलाइन उद्घाटन केले. त्याचा मला अभिमान आहे आणि राहील. पण एरवी आपल्या देण्याची सवय काय आहे? खाट देतो, व्हीलचेअर देतो, पाण्याचा कूलर देतो. ज्यावर मरहूम वालिदांचे नाव रंगवता येते ते देतो. मावशीच्या पगारावर नाव रंगवता येत नाही, म्हणून त्याला कुणी देत नाही. खालाच्या मजल्यावर आज चार व्हीलचेअर धूळ खात उभ्या आहेत. त्या ढकलायला माणूस नाही.

हे फक्त आपलेच नाही. पंधरा ऑगस्टला फळे वाटणारे, वाढदिवसाला केक कापायला येणारे, दिवाळीचा फराळ आणणारे, सगळ्या धर्मांचे लोक येतात. फोटो होतात. तेवढ्यासाठी म्हाताऱ्यांना दोन तास आधी तयार करून खुर्च्यांवर बसवले जाते, आणि तयार करते तीच मावशी, जेवणाची सुट्टी सोडून. वर्षातले दहा दिवस गर्दी असते. उरलेल्या दिवसांत खालाशी तिच्या बोलीत बोलणारे कुणी नसते.

रमजानमध्ये आणखी एक गोष्ट घडते, ती मला फार बोचते. काही ठिकाणी मावश्यांना जकातीतून राशनचे किट दिले जाते. गरीब विधवेला जकात द्या, जरूर द्या. पण वर्षभर तिचा पगार मारायचा आणि मग तिलाच जकातीची हकदार म्हणून रांगेत उभे करायचे, ही कसली खैरात? मजुराच्या घामाची हदीस आपल्याला तोंडपाठ आहे. ती हदीस तिचा हक्क सांगते. किट हे त्या हक्काच्या बदल्यात चालत नाही.

पगाराला पैसे देणे म्हणजे सवाबात काही उणे, असे कुणाला वाटत असेल तर आपलाच इतिहास वाचावा. कैरोमध्ये १२८४ साली सुलतान कलावून यांनी बिमारिस्तान बांधले. त्याच्या वक्फातून हकीमांचाच नव्हे, तर रुग्णांची सेवा करणाऱ्या स्त्री-पुरुष सेवकांचाही पगार निघत असे. बायकांच्या दालनात बायका, पुरुषांच्या दालनात पुरुष. इतक्या लांबही जायला नको. दसरा चौकातली आपली मुस्लिम बोर्डिंग बघा. १९०६ मध्ये शाहू महाराजांनी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि स्वतः तिचे अध्यक्ष झाले. इमारतीचा कोनशिला समारंभ करून ते मोकळे झाले नाहीत. मुलांचे वसतिगृह चालते राहावे याची जबाबदारी घेतली. मुलांसाठी जे राजाला शंभरावर वर्षांपूर्वी कळले, ते म्हाताऱ्यांसाठी आपल्याला आज कळू नये?

सरकारलाही सोडू नये. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ चा. त्याचे १९ वे कलम सांगते, की राज्याला प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे निराधार ज्येष्ठ राहू शकतील असा वृद्धाश्रम काढता येईल. "काढलाच पाहिजे" असे ते म्हणत नाही, आणि ही पळवाट कायद्यातच आहे. शिवाय दीडशे म्हाताऱ्यांची गणती केली, त्यांना सांभाळणाऱ्या हातांची गणती कलमात नाही. ती मागणी आपल्याला इतरांबरोबर मिळून करावी लागेल.

आणि एक कडू गोष्ट. आपल्या मुली या कामात का नाहीत? माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन मुली म्हणतात, टीचर, नर्सिंग करायचे आहे. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे. घरून उत्तर येते: नाइट ड्युटी, परक्या माणसांना हात लावणे, लग्न कसे जमणार. मिरजेला वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलने नर्सिंगचे शिक्षण सुरू केले तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्राची सेवा ख्रिस्ती बहिणींनी किती केली, हे आपल्या आज्यांना विचारा. आपण त्यांच्या हातून बाळंत झालो, बरे झालो, आणि आपल्या मुलींना मात्र ते काम हलके मानायला शिकवले. मग आईजवळ तिची बोली जाणणारी, पाक-नापाक समजणारी बाई नाही म्हणून तक्रार कुणाकडे करायची?

मला काय हवे आहे ते सरळ लिहिते. देणगी देताना कूलरची चौकशी करण्याआधी पगाराचा रजिस्टर बघायला मागा. किती बाया, किती पगार, किती दिवसांपासून, एवढे तीन प्रश्न विचारा. मोहल्ल्याच्या कमिट्यांनी लिल्लाह आणि सदक्याचा एक हिस्सा वर्षभर दोन मावश्यांच्या पगारासाठी बांधून द्यावा. जकातीबाबत उलेमांना विचारावे. प्रत्येक म्हाताऱ्याचे एक पान असावे, खाटेला बांधलेले, साध्या मराठीत: काय खाते, कशाला काय म्हणते, कशाची भीती वाटते, शेजारी कोण लागते. जाणाऱ्या मावशीने ते भरावे, येणाऱ्या मावशीला वाचून दाखवावे, आणि त्या अर्ध्या तासाचा पगार द्यावा. खोल्या बदलण्याआधी राहणाऱ्यांना विचारावे. आणि बयान करणाऱ्या मौलानांनी महिन्यातून एक जुम्मा नमाजेनंतर चार तरुणांना घेऊन तिथे जावे, कॅमेरा न घेता.

खालाचे पान मी लिहिले आहे. पहिल्या ओळीत "बाहर जाना" म्हणजे काय ते आहे. आक्कांना खाली आणण्याचा अर्ज मी तीनदा दिला आहे, चौथा या सोमवारी देणार आहे. ज्यांना अजूनही "आपल्यात वृद्धाश्रम नसतात" असे म्हणायचे आहे, त्यांनी रविवारी माझ्याबरोबर यावे. आणि रात्रपाळीला थांबायची तयारी ठेवूनच यावे.