नेसणीची मुभा

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये भरलेल्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, हे शाळकरी पोरही सांगेल. पण त्याच परिषदेत दोन दिवसांनी बाबासाहेब जमलेल्या बायकांशी लुगड्याच्या नेसणीबद्दल बोलले, ते फारसं कुणी सांगत नाही. मला ते भाषण त्या होळीइतकंच मोलाचं वाटतं. गुडघ्यापर्यंतचं आखूड लुगडं, गळ्यात गळसऱ्यांची दाटी, कोपरापर्यंत कथलाच्या नि चांदीच्या पाटल्या. एवढ्यावरून वाटेवरच्या परक्या माणसालाही जात कळायची. ही खूणच पुसून टाका, असं त्यांनी सांगितलं. वरच्या जातींच्या बायकांसारखं लुगडं नेसायला जास्तीचा पैसा लागत नाही, कापड फाटकं असलं तरी स्वच्छ असावं, आणि गळ्यात एक गळसरी पुरे. लक्ष्मीबाई टिपणीस यांनी नवी नेसण शिकवली आणि कितीतरी जणी लगेच तशा नेसू लागल्या. आपल्याकडे कुणी कसं नेसावं हे रूढीने लादलं होतं. त्रावणकोर संस्थानात ते चक्क सरकारी जाहीरनाम्यात होतं. तिथल्या खालच्या मानलेल्या नाडर जातीच्या बायकांनी उच्च मानलेल्या नायर बायकांसारखं वरचं वस्त्र घ्यायचं नाही, ख्रिस्ती झालेल्यांनी फार तर कुप्पायम हे अंगरख्यासारखं वस्त्र घालावं, असं १८२९ साली ठरवून दिलं गेलं. दंगली झाल्या, बायकांच्या अंगावरची वस्त्रं भररस्त्यात फाडली गेली. मद्रासच्या गव्हर्नरने दबाव आणल्यावर १८५९ मध्ये महाराजांनी सगळ्याच नाडर बायकांना छाती झाकायची मुभा दिली, तीही वरच्या जातींच्या बायकांसारखी नेसण करायची नाही, या अटीवर.