पाहुणा नको, बडी करा

स्कूबा डायव्हिंग करणारी माणसं भयंकर बोलघेवडी असतात. पाण्याखाली पाऊण तास तोंडात रेग्युलेटर धरून गप्प राहावं लागतं, त्याची भरपाई ती वर आल्यावर करतात असा माझा अंदाज आहे. त्यामुळे ग्रुपमध्ये कोणी नवीन आलं की त्याचं स्वागत जोरात होतं. बोटीवर चांगली जागा मिळते, डब्यातला लाडू मिळतो आणि अंदमानात कोणाला केवढा मासा दिसला याच्या कथा तर न मागता मिळतात. हे सगळं मनापासून असतं, त्याबद्दल वाद नाही. पण नव्या माणसाला ज्याची खरी गरज असते, ते यात कुठेच नसतं असं मला हल्ली फार वाटायला लागलंय.

घरच्या वाचकांसाठी आधी थोडा खुलासा. मालवणला सुट्टीत जाऊन आपण जे 'स्कूबा केलं' म्हणतो, त्यात प्रशिक्षक तुम्हाला मागून धरून फिरवतो आणि फोटो काढून वर आणतो. मजेचं असतं ते, पण मी म्हणतोय ती माणसं वेगळी. यांनी तीन-चार दिवसांचा कोर्स केलेला असतो, १८ मीटरपर्यंत जायचं कार्ड खिशात असतं, आणि पाण्यात त्यांना कोणी धरत नाही. सोबत असतो तो बडी. म्हणजे जोडीदार. त्याने तुमच्याकडे बघायचं, तुम्ही त्याच्याकडे. एकाची हवा संपली तर दुसऱ्याच्या सिलिंडरला जोडलेलं जादाचं रेग्युलेटर तोंडात घ्यायचं आणि दोघांनी मिळून वर यायचं. (आई, हे फक्त माहितीसाठी. अशी वेळ सहसा येत नाही.)

आता बघा, पाहुणा घरी आला की आपण त्याला काम सांगत नाही. ही आपली चांगली सवय बोटीवर मात्र घातक आहे. नव्या माणसाचं जॅकेट कोणीतरी सिलिंडरला बांधून देतं, दुसरा रेग्युलेटर जोडतो, तिसरा वजनाचा पट्टा कसून देतो. "तुम्ही बसा हो निवांत!" आणि तो बिचारा निवांत बसतो. मग पाण्यात शिरल्यावर त्याला आठवत नाही की पट्ट्याचं बक्कल डाव्या बाजूला आहे की उजव्या. उडी मारायच्या आधी दोघा बडींनी एकमेकांचं सामान तपासायचं असतं: जॅकेटमध्ये हवा भरतेय ना, वजनं नीट आहेत ना, बकलं कुठे आहेत, सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय ना. दोन मिनिटांचं काम आहे. जुनी मंडळी ते डोळ्यांनीच उरकतात, कारण त्यांचं एकमेकांशी जमलेलं असतं. नव्याला वाटतं हीच पद्धत. मी म्हणतो, जोडू द्या त्याला स्वतःचं सामान. लागू दे वेळ. तुम्ही शेजारी उभे राहा, आणि मग त्याच्याकडून तुमचं सामान तपासून घ्या. दुसऱ्याचा व्हॉल्व्ह बघायला सांगितलं की माणूस पाहुणा राहत नाही.

यापेक्षा मोठी भानगड हवेची आहे. गेल्या मोसमात आम्ही काही जण मत्स्यगंधा एक्सप्रेसने (डायव्हरना याहून शोभेसं गाडीचं नाव शोधून सापडणार नाही) मुर्डेश्वरला गेलो होतो. तिथून नेत्राणी बेट साधारण १९ किलोमीटर, बोटीने तासा-दीड तासाचा रस्ता. ग्रुपमध्ये एक नवे गृहस्थ होते, पन्नाशी उलटलेले, कोर्स नुकताच झालेला. आमचा गाईड चोविशीचा पोरगा. तो त्यांना साहजिकच 'काका' म्हणायला लागला, आणि मग सगळेच म्हणायला लागले.

नवशिका डायव्हर हवा भराभर संपवतो. त्यात काही गैर नाही. धडधड असते, हातपाय जास्त हलतात. शिवाय १० मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट असतो, २० मीटरवर तिप्पट, त्यामुळे प्रत्येक श्वासाला हवाही तितक्याच पटीने जास्त लागते. २०० बारचा सिलिंडर जुन्या माणसाला तासभर पुरला तर नव्याला अर्धा तास पुरतो. काकांना हे ठाऊक होतं. गाईडने खुणेने "किती उरली?" विचारलं की ते "ओके" दाखवत, आकडा दाखवत नसत. शेवटी गाईडने स्वतःच त्यांचा मीटर हातात घेऊन पाहिला. ४० बार. नियमाने ५० उरले असताना बोटीवर पोचलेलं असायला हवं. सगळे सावकाश, व्यवस्थित वर आले, काही झालं नाही. बोटीवर काका एवढंच म्हणाले, "सगळ्यांनी एवढे पैसे भरलेत. माझ्यामुळे का वर यायचं?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माणूस मूर्ख नव्हता, बेफिकीर तर अजिबातच नव्हता. उलट फार सभ्य होता. आणि त्याला तसं वाटायला जागा आम्हीच ठेवली होती. आदल्या रात्री जेवताना "मी तासभर होतो, ९० बार घेऊन वर आलो" अशा बढाया चालल्या होत्या. त्या ऐकून नवा माणूस काय शिकेल? हवा वाचवायला शिकेल. म्हणजे श्वास चोरायला. आणि पाण्याखाली श्वास चोरणं फार वाईट. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं दुखतं, जीव घाबरा होतो. श्वास रोखून वर आलात तर फुप्फुसातली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं. कोर्समध्ये पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं हे. पण लाजेपुढे कोर्स टिकत नाही.

आणि त्या 'काका'नेही हातभार लावलाच. मला या शब्दाचं वावडं नाही, उलट तो आपला जिव्हाळा आहे. पण काकाला चोविशीच्या पोरासमोर भीती वाटते म्हणता येत नाही, आणि पोराला काकांना "नाही, तुम्ही आत्ता वर चला" म्हणताना जीभ जड होते. पाण्यात मान वयाला नसतो, मीटरवरच्या काट्याला असतो. हे कोणीतरी बोटीवर मोठ्याने बोलून टाकायला हवं. शक्यतो ग्रुपमधल्या सगळ्यात जुन्या माणसाने.

डायव्हिंगमध्ये एक जुना नियम आहे: कोणीही, कधीही, कुठल्याही कारणाने डाइव्ह थांबवू शकतो, आणि त्याला कारण विचारायचं नाही. अंगठा वर केला की संपलं. (अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. नव्या माणसांचा यात हमखास गोंधळ उडतो, तेही हसण्यावारी न नेता सांगावं.) नियम सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच ट्रिपला एक मुलगी उडी मारायच्या आधी म्हणाली, "मी ही डाइव्ह नाही करत", तर एक अनुभवी गृहस्थ पटकन बोलले, "अगं, पैसे गेले की!" थट्टाच केली होती. पण पुढच्या वेळी ती नाही म्हणेल का हो? तिच्या बडीने मात्र एक शब्द न बोलता आपलं जॅकेट उतरवलं आणि तिच्याशेजारी बसला. दुसऱ्या डाइव्हला दोघं गेले. माझ्या मते त्या ट्रिपमधलं खरं स्वागत तेवढंच झालं.

यावर काही जण म्हणतात, समुद्र म्हणजे काय दिवाणखाना आहे? एवढे लाड कशाला? बरोबर आहे, समुद्र लाड करत नाही. म्हणून तर नव्याने खरं बोलणं जास्त गरजेचं. ब्रिटनमधला सब-ॲक्वा क्लब १९५३ पासून आहे, आणि तो दरवर्षी अपघातांचा, थोडक्यात निभावलेल्या प्रसंगांचा अहवाल छापतो. कोणाचं नाव नाही, दोषारोप नाही. काय झालं तेवढं. आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी जेवताना शार्कच्या जोडीला एखादी अशीही गोष्ट सांगावी. आपण कधी घाबरलो, कधी हवा आधी संपली. नव्याचा अर्धा भार तिथेच उतरेल.

काकांच्या लॉगबुकात त्या दिवशी बडीने सही केली आणि शेजारी डाइव्हची मिनिटं लिहिली: २८. काकांनी ती वाचून वही पटकन मिटली.

नेत्राणीचा मोसम ऑक्टोबरपासून. आमच्यात या वेळी दोघं नवीन आहेत, त्यातल्या एकाचा बडी मी आहे. आत्या, तू विचारशीलच म्हणून सांगतो: हो, बोट लागते. आलेपाक पाठवून दे, दोघांपुरता.